दोन दप्तरं, एक अंगण

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाड्यावर वाजला की पेडणे तालुक्यात, ज्या घरात दोन लहान मुलगे आहेत तिथे, दिवसातलं पहिलं भांडण सुरू होतं. पावांना कोण धावणार, उंडा कुणाचा, कातरा पाव कुणाचा. थोरला सात-आठ वर्षांचा, धाकटा चार वर्षांचा. धाकट्याला पैसे स्वतःच्या मुठीत हवे असतात, थोरल्याला पिशवी. "आये, ह्यो माका मारता!" ही हाक स्वयंपाकघरात पोचते तेव्हा आई आंबोळी उलथत असते, आजी परसातली फुलं काढून पायरी चढत असते आणि वडील एक तर रात्रपाळी संपवून नुकतेच आडवे झालेले असतात, नाही तर अजून घरी यायचे असतात.

यातली वडिलांची गोष्ट तेवढी नवी. बाकीचं सगळं तीस वर्षांपूर्वीही असंच होतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'लहान मुलांचं घर' हा विषय ठरवला, तेव्हा गोव्याच्या उत्तरेचे पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके डोळ्यांपुढे आले ते यासाठीच. २०११च्या जनगणनेत पेडण्याची लोकसंख्या सुमारे ७५ हजार होती, डिचोलीची सुमारे ९८ हजार. एकीकडे हरमल, मांद्रे, मोरजीचा किनारा आणि मोपाचं पठार, दुसरीकडे मये, शिरगाव, पिळगावचा खाणपट्टा. गेल्या पंधरा वर्षांत इथल्या कमावत्या माणसाचं काम एकदा नव्हे, दोनदा-तीनदा बदललं. विमानतळाची बातमी आली तेव्हा नोकऱ्या मोजल्या गेल्या. खाण बंद झाली तेव्हा बुडालेला महसूल मोजला गेला. सकाळी सात ते नऊ या वेळात घरात पोरांजवळ कोण असतं, याचा हिशोब मात्र कुठल्याच कागदावर आला नाही. तो ज्यांनी ठेवला त्या बायका आहेत, आणि त्यांनी तो डोक्यातच ठेवला.

दोघे म्हणजे आता भरलेलं घर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण जननदर १.३ निघाला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला तो २.१ लागतो. देशात सर्वांत कमी जननदर असलेल्या राज्यांत गोवा बसतो. म्हणजे दोन मुलं असलेलं घर आता सरासरीच्या वर गेलं. एकेकाळी एका चिरेबंदी घरात चार चुली आणि त्या चुलींभोवती डझनभर पोरं असत. सख्खा भाऊ कोण आणि चुलतभाऊ कोण, हे शाळेच्या दाखल्याचं पान उघडेपर्यंत कळत नसे. आता चुली वेगळ्या झाल्या, एक काका पर्वरीला, दुसरा परदेशात. मग दुसऱ्या मुलाचा विचार होतो तेव्हा घरातली मंडळी जे कारण सांगतात ते साधंच असतं: पहिल्याला सोबत कोण?

दुसराही मुलगाच झाला की शेजारणी "आता दोघांकडे लक्ष ठेवून दमशील गो" म्हणतात, आणि ते खरं ठरतं. जुने कपडे, जुनी तीनचाकी, जुनी पुस्तकं धाकट्याकडे येतात. लस टोचून घ्यायची तारीख लक्षात ठेवण्याचा अनुभवही आईच्या गाठीला असतो. पण पैशांच्या बाजूने दुसऱ्या मुलाची सोय फारशी नाही. गोव्यात मुलगी झाली तर आईला 'ममता' योजनेतून दहा हजार रुपये मिळतात आणि पुढे 'लाडली लक्ष्मी'तून त्या मुलीच्या नावे एक लाख. मुलींच्या बाजूने झुकतं माप हवंच, त्याबद्दल वाद नाही. दोन मुलग्यांच्या घरात मात्र मुख्य आधार उरतो तो 'गृह आधार'चा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर गृहिणीला महिन्याला पंधराशे रुपये. दोन मुलांचं दूध, वह्या आणि एखाद्या महिन्यातलं औषध यांत ते विरून जातात. तरीही हे पैसे आईच्या स्वतःच्या बँक खात्यात येतात आणि कशावर खर्च करायचे ते ती ठरवते. पुष्कळ घरांत अशी रक्कम हीच पहिली.

मोपाच्या वेळा

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. त्याआधी मोपाचं पठार म्हणजे गुरांची कुरणं, काजूच्या बागा आणि पावसाळ्यात फुलांनी भरणारा कातळ. एप्रिल-मे महिन्यांत पोरं बोंडू गोळा करायची, काजीच्या बिया विकून खाऊचे पैसे करायची. पठाराच्या कडेच्या गावांत ते अजून चालतं, पण पूर्वीइतकी मोकळी जागा उरलेली नाही.

विमानतळ चोवीस तास जागा असतो. तिथे सुरक्षा, सामान, सफाई, वाहनं अशा कामांना लागलेल्या माणसाची पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची. टॅक्सी चालवणाऱ्याला तर पाळीही नाही. विमान येईल ती वेळ त्याची. टॅक्सीच्या धंद्यात आपला वाटा मिळावा म्हणून पेडणेकरांनी आंदोलनं केली. ती पोटापाण्यासाठी होती आणि रास्त होती. त्या वाट्याबरोबर घरात जे शिरलं ते असं: बाप दिवसा झोपतो आणि दोन मुलग्यांना "आवाज करू नका" सांगणं हे आईचं दिवसभराचं काम होतं. ज्या घराला सोपा, माजघर, पडवी आहे तिथे हे कसंबसं जमतं. दोन खोल्यांच्या नव्या घरात चार वर्षांच्या मुलाला गप्प ठेवणं अशक्य असतं. मग टीव्हीचा आवाज बंद करून त्याच्या हातात मोबाइल दिला जातो. मोबाइलला दोष देणारे पुष्कळ आहेत. पण त्या घरात दुपारी दोन वाजता दुसरा उपाय कोणता, हे त्यांनी एकदा तिथे बसून सांगावं.

याला दुसरी बाजूही आहे. दिवसा घरी असलेला बाप मुलांना शाळेतून आणतो, अंघोळ घालतो, धाकट्याला भरवतो. पूर्वी बार्देशात किंवा पणजीला कामाला जाणारा माणूस सकाळी बसने निघे आणि अंधार पडल्यावर परते. त्याच्या वाट्याला झोपलेली मुलंच यायची. आज शाळेच्या फाटकापाशी अकरा-साडेअकराला बाप उभे दिसतात, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी. मोरजी, मांद्रे, हरमलच्या अनेक घरांत ऑक्टोबर ते मार्च दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या जातात. हंगाम सुरू झाला की मुलांचं अंथरूण मागल्या खोलीत जातं, दप्तरं आजीच्या खाटेखाली. चादरी धुणं, खोल्या झाडणं हे आईचं काम, आणि ते करताना दोन्ही पोरं तिच्या पायात. तिथली मुलं परक्या माणसांना बुजत नाहीत. रशियन पाहुण्याला वाट दाखवणारा सहा वर्षांचा मुलगा मोरजीत कुणाला नवा नाही. हिवाळ्यात तिथल्या तेमवाड्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला येते. वन खातं त्या जागेभोवती कुंपण घालतं, आणि पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा वाड्यावरची पोरं दोरीच्या अलीकडे ओळीने बसलेली असतात. एरवी एका जागी पाच मिनिटं न बसणारे दोन भाऊ इथे निमूट बसतात. किनाऱ्यावर २००८ पासून 'दृष्टी'चे जीवरक्षक असतात. तरी संध्याकाळी सूर्य कलला की "पाण्यात वचू नाका रे" ही हाक दारादारांतून येतेच.

खाणीजवळचं बालपण

डिचोलीत आज ज्यांची मुलं लहान आहेत ते बाप स्वतः लहान होते तेव्हा खाणीची तेजी होती. रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची रांग, घरात ट्रकाच्या कर्जाचे हप्ते, अंगणातल्या तुळशीवर तांबडी धूळ. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. पुढे त्या काही प्रमाणात सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. लिलावानंतर डिचोलीचा खाणपट्टा २०२४ मध्ये सुरू झाला.

या मधल्या काळात ज्यांचं लग्न झालं, पहिला मुलगा झाला, त्यांनी घर कसं चालवलं ते पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. बाप जिथे काम मिळेल तिथे गेला, आणि आई पहिल्यांदा घराबाहेर पडली. औद्योगिक वसाहतींतल्या औषधांच्या, वेष्टणांच्या कारखान्यांची बस सकाळी नाक्यावर येते. तीत चढणाऱ्या बायकांपैकी अनेकींच्या घरी शाळेत न जाणारं एक तरी मूल असतं. त्या बसच्या वेळेवर घर चालतं: साडेपाचला ऊठ, भात आणि आमटी, थोरल्याचा डबा, धाकट्याचे कपडे सासूच्या हाताशी. एखाद्या दिवशी सासू आजारी पडली तर त्या दिवसाचा पगार गेला.

धुळीचं आणि ट्रकांचं ओझं पुन्हा आलंच. गावातल्या अरुंद रस्त्यांवरून खनिज नेण्याला मये-पिळगावच्या लोकांनी विरोध केला, त्यामागे शेतीइतकंच पोरांचं जाणं-येणं होतं. नऊ वर्षांच्या मुलाला सायकलवरून दुकानात पाठवायचं की नाही, हा प्रश्न इथे रस्त्यावर किती ट्रक आहेत यावरून सुटतो. सोडून दिलेल्या खाणींच्या खंदकांत साठलेलं हिरवं-निळं पाणी दिसायला सुंदर, आणि आयांच्या पोटात गोळा आणणारं. थोरल्याला बजावता येतं. धाकटा थोरल्याच्या मागून जातो, म्हणून थोरल्याला दोनदा बजावावं लागतं.

आजीवर उभं असलेलं घर

दोन्ही तालुक्यांत मुलं खरोखर वाढवतात त्या आज्या. अंघोळीआधी खोबरेल तेल चोळणं, मीठ-मिरच्यांनी दिष्ट काढणं, सकाळी दहाच्या पेजेबरोबर लोणच्याची फोड, दुपारी नुस्त्याचे काटे काढून घास भरवणं, आणि शिवराक दिवशी "आज नुस्तें ना" हे रडणाऱ्या नातवाला समजावणं. काटे काढण्याचं काम वरवर क्षुल्लक दिसतं. पण बांगडा खायला शिकलेला मुलगा हा आजीच्या दोन वर्षांच्या धीराचं फळ असतो.

आजी मोकळी असते हा समज चुकीचा आहे. तिचं भाताचं कुणगं असतं, परसात माडांना पाणी, गोठ्यात गाय, देवळातलं भजन. अंगणवाडी तिला थोडा श्वास देते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या बाराशेहून अधिक अंगणवाड्या आज गोव्यात आहेत. धाकटा तिथे गाणी शिकतो, वजन करून घेतो, उसळ खातो, आणि दुपारपर्यंत घरी परत येतो. कारखान्याची बस संध्याकाळी येते. मधले तास आजीचे.

कायद्याने वाट काढली आहे, पण ती पेडण्याच्या वाड्यापर्यंत पोचलेली नाही. मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी आईला २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं. छोट्या हॉटेलात, छोट्या दुकानात, खोल्या भाड्याने देण्याच्या घरगुती धंद्यात काम करणारीला यातलं काही नाही. बापाची पंधरा दिवसांची रजा सरकारी नोकराला मिळते. टॅक्सीवाल्याने बाळ पाहायला घेतलेली सुट्टी ही त्याची स्वतःची तूट. गावागावांत दिवसभराचं पाळणाघर हवं, ही मागणी निवडणुकीच्या भाषणांत ऐकू येत नाही. ती यायला हवी. रस्ता आणि पाणी मागावं तितक्याच ठामपणे मागण्यासारखी ती गोष्ट आहे.

दोन भाऊ, दोन माध्यमं

दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. पेडण्या-डिचोलीतल्या आजच्या आजोबांची पिढी त्या शाळांतून निघाली. घरात बोलायची कोंकणी, तीही पेडण्यात मालवणीच्या शेजारची, आणि पाटीवर मराठी. यात कुणाची ओढाताण झाली नाही. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारी अनुदान कोंकणी-मराठी प्राथमिक शाळांपुरतं ठेवण्याचं धोरण आलं. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ते देण्याचा निर्णय झाला, आणि भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आंदोलनात काकोडकर आणि सुभाष वेलिंगकर पुढे होते.

घराच्या पातळीवर तो वाद असा दिसतो: थोरला गावच्या सरकारी मराठी शाळेत, धाकटा तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी के.जी.त. चार वर्षांत आईबापांचं मन बदललं, किंवा तोवर गावच्या शाळेत एकच शिक्षिका उरली. आता संध्याकाळी एका सतरंजीवर दोन भाऊ बसतात. एक पाढे म्हणतो, दुसरा टेबल्स. आई थोरल्याचा गृहपाठ स्वतः घेते, धाकट्याच्या वहीसाठी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला विचारते. थोरल्याला मग वाटू लागतं की धाकटा जास्त हुशार आहे. हे नुकसान पटसंख्येच्या आकड्यांत दिसत नाही. गावची शाळा बंद पडणं म्हणजे फक्त इमारत बंद पडणं नसतं. दोन भाऊ एकमेकांचा हात धरून शाळेत जाण्याची वाटही बंद होते. एकाला शाळेची 'बालरथ' बस उचलून नेते, दुसरा चालत जातो.

सरकारी शाळेचं दुपारचं जेवण गावच्या बायकांचे स्वयंसहाय्य गट करतात, बहुधा पाव-भाजी. ती भाजी ज्या घरात शिजते त्या घरातलं मूलही त्याच वर्गात बसलेलं असतं. अशी शाळा दुरून चालवता येत नाही, आणि दुरून चालवलेल्या शाळेत असं जेवण होत नाही.

अंगण, देऊळ आणि नरकासुर

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी वाड्यावर पेंढा, तारा, जुनी वर्तमानपत्रं आणि खळ यांचा ढीग पडतो. मोठी मुलं नरकासुराचा मोठा पुतळा करतात, लहानांचा एक छोटा असतो आणि त्याचं डोकं कायम एका बाजूला कललेलं. थोरला मोठ्यांत जायला धडपडतो, धाकटा थोरल्याच्या नरकासुरावर आपला हक्क सांगतो. चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळतो, मग अभ्यंगस्नान, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने फोडलेलं कारीट, आणि घरोघर पोहे: दुधातले, दह्यातले, नारळाच्या रसातले, फोडणीचे. या रात्रीचा मोठ्या आवाजाचा धांगडधिंगा अलीकडे वाढला आहे आणि तान्ह्या मुलांना, म्हाताऱ्यांना तो सोसत नाही. तरी आठ वर्षांच्या मुलाच्या हाताला कागद-पेंढ्यातून काहीतरी उभं करण्याची संधी देणारे दिवस वर्षात फार थोडे. चवथीला चित्रशाळेतून मूर्ती आणताना पाट धरायला मिळणं आणि माटोळीला फळं बांधताना दोरी ओढायला मिळणं, हेही त्यांतलेच.

हिवाळ्यात जत्रा लागतात आणि दशावतारी नाटक रात्रभर चालतं. धाकटा राक्षसाच्या प्रवेशाला ओरडतो आणि पुढच्या प्रवेशाला आजीच्या मांडीवर झोपलेला असतो. साखळीला विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, तेव्हा मुलं बापाच्या खांद्यावर असतात. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. त्यानंतर डिचोलीत जत्रेला दोन पोरं घेऊन जाणं ही गोष्ट पूर्वीइतकी सहज राहिलेली नाही.

पेडण्याच्या भगवतीच्या दारात दगडाचे दोन हत्ती उभे आहेत. इथल्या प्रत्येक मुलाने ते हात लावून पाहिले असतील. २०२५ च्या सप्टेंबरात मात्र सिंधुदुर्गातून 'ओंकार' नावाचा खराखुरा हत्ती मोपा, तांबोसे भागात आला, शेती-बागायतीची नासधूस झाली. शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी, आणि त्याच्याच घरातली दोन पोरं खिडकीला लटकून "पप्पा, तो आपल्या केळीत येतलो?" म्हणून आशेने विचारत असतात. बापाचं दुःख आणि पोरांची आशा, दोन्ही समजून घेणं घराला भाग असतं.

रात्रीचा ताप

गोव्यात जवळपास सगळी बाळंतपणं रुग्णालयात होतात. लसीकरणाचं जाळं चांगलं आहे. खरी कसोटी लागते ती पावसाळ्यातल्या रात्री. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, एकाला सर्दी झाली की तीन दिवसांत दुसऱ्याला. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचं पाणी साळ, इब्रामपूर, हणखणेत शिरलं तेव्हा लोकांनी पोरांना आणि गुरांना एकदमच उंचावर हलवलं. एरवीच्या रात्री पाणी चढत नाही, ताप चढतो. २००८ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, ती येते. पण पेडण्याहून म्हापशाचं जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठायचं म्हणजे झटके येणारं मूल मांडीवर घेऊन महामार्ग. दुसरा मुलगा तेव्हा शेजारणीकडे झोपलेला असतो, आणि शेजारीण नसेल तर तोही रुग्णवाहिकेत.

धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये आयुर्वेदाची मोठी संस्था सुरू झाली. तुयेला रुग्णालयाची नवी इमारत उभी राहिली, आणि ती पूर्ण क्षमतेने चालावी, गोमेकॉशी जोडावी म्हणून पेडणेकरांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, धरणं धरलं. त्या धरण्यांत मुलं कडेवर घेऊन बसलेल्या बायका होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: बालरोगतज्ज्ञ रात्री तालुक्यातच असावा. मोपाच्या धावपट्टीवर मध्यरात्री विमान उतरवण्याची सोय ज्या तालुक्यात झाली, त्या तालुक्यातल्या आईला रात्री दोन वाजता तुयेत डॉक्टर भेटावा, एवढीच ती मागणी आहे, आणि ती पुरी होईपर्यंत ती मांडत राहण्याचा त्यांचा निर्धार आहे.